वाचून दाखवला, समजला, कबूल

माझे वडील मेढ्याला दस्तलेखक होते. मेढा हे जावळी तालुक्याचे ठिकाण. गावात तहसील कचेरी, आणि कचेरीच्या आसपास टेबल-खुर्ची टाकून बसणारी जी चार-सहा मंडळी असत त्यांतले ते एक. खरेदीखत, गहाणखत, वाटपपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र हे सारे त्यांच्या हातून लिहिले जाई. शाळा सुटली की मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन बसे. दस्तांची भाषा मला त्या वयात अत्यंत कंटाळवाणी वाटे. ‘सदरहू’, ‘मजकूर’, ‘सबब’, ‘येणेप्रमाणे’ अशा शब्दांनी बांधलेली ती पानभर लांबीची वाक्ये कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, ह्याचा मला पत्ता लागत नसे. पण एक गोष्ट मी लक्षपूर्वक पाहत असे. दस्त पुरा झाला की अण्णा तो लिहून देणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवत. वेण्णेच्या खोऱ्यातल्या एखाद्या वाडीवरून आलेली म्हातारी समोर बसलेली असे. तिला अक्षरओळख नसे. ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठी पडली की अण्णा थांबत, दोन प्रश्न विचारत, आणि ते वाक्य खोडून पुन्हा लिहीत. ‘जिचा अंगठा उठणार तिलाच कळले नाही, तर दस्त झाला कुठे?’ असे ते म्हणत. शेवटी ‘वाचून दाखवला, समजला, कबूल’ असे होऊन मगच शाईचा पॅड पुढे सरके.

मी पुढे पुण्यात येऊन प्रोग्रॅमर झालो. साहित्याच्या वाचकांपुढे हा विषय काढताना थोडा संकोच वाटतो. पण आमचा धंदा वाटतो त्यापेक्षा पुष्कळच अधिक वाचनाचा आहे. प्रोग्रॅम यंत्रासाठी लिहिला जातो हे अर्धेच खरे. यंत्राला तो कसाही लिहिलेला चालतो. वाचावा लागतो तो माणसाला. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम पुढे पंधरा-वीस वर्षे वापरात राहतो, त्यात नवे नियम येतात, जुने जातात, आणि प्रत्येक वेळी कोणी तरी तो आधी वाचून समजून घेतो तेव्हाच त्याला हात लावू शकतो. डॉनल्ड क्नूथ ह्यांनी १९८४ साली ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ ह्या नावाने जो विचार मांडला त्याचे सार हेच होते: यंत्राने काय करावे ते यंत्राला सांगण्यापेक्षा, यंत्राने काय करावे अशी आपली इच्छा आहे ते माणसाला समजावून सांगणे हे प्रोग्रॅमरने आपले मुख्य काम मानावे. हे वाचले तेव्हा मला ते फार पटले. पटणे आणि तसे लिहिणे ह्यांत अंतर असते, हे कळायला एक चूक करावी लागली.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका पतसंस्थेसाठी कर्जावरचे दंडव्याज काढणारे एक फंक्शन लिहिले होते. फंक्शन म्हणजे प्रोग्रॅममधला एक स्वतंत्र परिच्छेद म्हणा. त्याला नाव असते, आणि नावाने हाक मारली की तो आपले ठरलेले काम करून देतो. नियम वरवर सोपा: हप्ता वेळेत भरला नाही तर थकलेल्या रकमेवर दंडव्याज. पण हप्त्याची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर पुढचा कामाचा दिवस धरायचा. हप्ता अर्धाच भरला असेल तर उरलेल्या रकमेपुरतेच व्याज. बचत गटाच्या कर्जाला दंड नाही. कर्जाचे पुनर्गठन झाले असेल तर नव्या तारखा लागू. दावा दाखल झाला असेल तर हिशेब वेगळा. दर महिन्याला संस्थेकडून एखादा नवा अपवाद येई आणि मी तो सापडेल त्या फटीत बसवून टाकी. एका ‘जर’च्या पोटात दुसरा ‘जर’, त्याच्या ‘नाहीतर’मध्ये तिसरा. मला ते सारे पाठ होते. पाठ असणे आणि वाचता येणे ह्यांतला फरक लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही.

काही वर्षांनी एका बाईंच्या खात्यावर सलग दोन तिमाही दंडव्याज लागले. त्यांचे म्हणणे एकच होते: ‘मी तारीख चुकवली नाही.’ भरण्याच्या पावत्या त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवल्या होत्या. शाखेतल्या एका वयस्क लिपिकाने त्या पावत्या घेऊन हिशेब हाताने मांडला आणि बाईंचे खरे ठरले. पुनर्गठित कर्जाचा हप्ता सुट्टीच्या दिवशी आला, तर माझे फंक्शन नवी तारीख घेई, पण सुट्टी मात्र जुन्या तारखेची तपासी. सातव्या पातळीवरच्या एका ‘नाहीतर’मध्ये ही चूक निवांत बसून राहिली होती. आणखी काही खात्यांनाही ती लागलेली निघाली. रकमा लहान होत्या. पण संगणकाने काढलेला आकडा म्हणजे बरोबरच, असे समजून बाकीच्यांपैकी कोणी विचारायलाही आले नव्हते, ही गोष्ट मला रकमेपेक्षा जास्त लागली.

चूक शोधायला बसलेल्या माझ्या तरुण सहकारी मुलीने ते फंक्शन एका टूलमधून काढले. कोड वाचून त्याची गुंतागुंत मोजणारी टूल्स असतात. टूलने आकडा दिला: ४३. ती म्हणाली, ‘सर, दहाच्या वर गेले की सांभाळा म्हणतात.’

हा आकडा काय असतो ते सांगितले पाहिजे. डिसेंबर १९७६ मध्ये टॉमस मकेब ह्यांनी ‘अ कॉम्प्लेक्सिटी मेझर’ नावाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी प्रोग्रॅमकडे रस्त्यांच्या नकाशासारखे पाहिले. मेढ्याच्या चौकातून बाहेर पडताना एक रस्ता केळघर घाटाने महाबळेश्वरला चढतो, एक साताऱ्याला उतरतो, एक कुडाळवरून पाचवडला हमरस्त्याला मिळतो. प्रत्येक फाट्यावर निर्णय घ्यावा लागतो. प्रोग्रॅममधला प्रत्येक ‘जर’ हा असाच फाटा. फाटे मोजावे आणि त्यांत एक मिळवावा, की मकेब ह्यांचा आकडा मिळतो. त्याला सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी म्हणतात. एकही फाटा नसेल तर एकच सरळ वाट, आकडा १. माझ्या फंक्शनात ४२ फाटे होते. ह्या आकड्याचा एक रोकडा उपयोग आहे: सगळ्या वाटा तपासायच्या तर स्वतंत्र अशा निदान किती वाटांनी चालून पाहावे लागेल, ते तो सांगतो. म्हणजे ४३ तपासण्या. मी त्या काळी सात-आठ केल्या होत्या.

मकेब ह्यांनी दहा ही मर्यादा सुचवली, आणि ती वाजवी असली तरी जादूची नव्हे असेही सांगून ठेवले. एक अपवादही त्यांनी मान्य केला होता. समजा, बारा महिन्यांची नावे देणारे फंक्शन आहे: पहिला महिना असेल तर हे, दुसरा असेल तर ते. आकडा दहाच्या वर जातो, पण वाचायला ते पाढ्याइतके सोपे. उलट तेवढेच फाटे एकाच्या पोटात एक असे रचले तर आकडा जवळपास तोच, आणि वाचणारा मात्र चौथ्या पायरीवर गुदमरतो. पुढे २०१० नंतरच्या दशकात सोनारसोर्स ह्या कंपनीने ‘कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी’ नावाचे वेगळे माप काढले. त्यात पोटातल्या प्रत्येक पातळीसाठी जादा गुण चढतात. माप सुधारले, तरी ते कोडचेच माप राहिले, वाचणाऱ्याचे नव्हे.

आमच्यापुढे मात्र ४३ हा आकडा होता आणि तो दहाच्या खाली आणायचा होता. मी दोन दिवस बसून फंक्शनचे पंधरा तुकडे केले. एकाही तुकड्याचा आकडा सहाच्या वर नव्हता. टूलने सगळीकडे हिरवी खूण दिली. मी ते मोठ्या समाधानाने त्या मुलीकडे सोपवले. तिने दिवसभर वाचले आणि संध्याकाळी म्हणाली, ‘सर, आता प्रत्येक ओळ कळते, पण गोष्ट कळत नाही.’

तिचे म्हणणे बरोबर होते, आणि साध्या बेरजेनेही ते दिसत होते. फाटे ४२ चे ४२ राहिले होते, आणि प्रत्येक तुकड्याचा आपला एक धरून एकूण बेरीज ४३ वरून ५७ वर गेली होती. मी गुंतागुंत कमी केलीच नव्हती. ती एका खोलीतून काढून पंधरा खोल्यांत ठेवली होती, आणि खोल्यांना ‘तपासणी १’, ‘तपासणी २’ अशी नावे दिली होती. रुडॉल्फ फ्लेश ह्यांनी १९४८ साली इंग्रजी गद्याची सुबोधता मोजण्याचे सूत्र मांडले. वाक्यात सरासरी किती शब्द आणि शब्दात सरासरी किती अवयव, ह्यांवर ते आधारलेले आहे. त्या सूत्राला खूश करायचे तर लांब वाक्ये जागोजाग तोडावी आणि मधली ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’ फेकून द्यावी. आकडा सुधारतो आणि युक्तिवाद नाहीसा होतो. मी नेमके हेच केले होते.

ह्या मापांना आणखी एक गोष्ट दिसत नाही. अण्णांकडे जुनी मोडी कागदपत्रे कधीमधी येत आणि त्यांना थोडी मोडी लागत असे. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती, विरामचिन्हे नव्हती. कुठे थांबायचे ते वाचणाऱ्याने ठरवायचे. मराठी गद्याला विरामचिन्हांची शिस्त लागली ती एकोणिसाव्या शतकात. मेजर टॉमस कँडी ह्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. शब्द तेच, क्रम तोच. फक्त मोकळ्या जागा आणि खुणा आल्या, आणि वाचणाऱ्याचा भार हलका झाला. मकेब ह्यांच्या आकड्याला ही क्रांती अजिबात दिसली नसती. मोडी पत्र आणि विरामचिन्हांनी सजलेली प्रत ह्या दोहोंना त्याने सारखाच गुण दिला असता. फंक्शनचे नाव ‘तपासणी २’ असो की ‘खरी देय तारीख’, त्याला सारखेच.

तुकडे करणे मुळात चूक नव्हते. प्रश्न कसे करावे हा होता. ह्या बाबतीत मला शेजारच्या वाईने शिकवले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईत चाले. त्याचा पहिला खंड १९७६ सालचा, म्हणजे मकेब ह्यांच्या निबंधाच्याच वर्षाचा. विश्वकोशात मजकूर चालू असता मध्येच एक बाणाची खूण येते आणि दुसऱ्या नोंदीचे शीर्षक येते. वाचणाऱ्याला हवे असेल तर त्याने तिकडे जावे, आणि परत ह्याच ओळीवर यावे. पण शीर्षक स्वतःच इतके पुरते असते की बहुधा जावेच लागत नाही. एड्सगर डाइक्स्ट्रा ह्यांनी मार्च १९६८ मध्ये ‘गो टू’ ह्या आज्ञेविरुद्ध जे गाजलेले पत्र लिहिले, त्यातील तक्रारीच्या नेमके उलट टोकाला हा बाण आहे. ‘गो टू’ वाचणाऱ्याला उचलून दुसरीकडे नेते आणि कुठून आणले ते विसरते. चांगल्या नावाचे फंक्शन विश्वकोशातल्या बाणासारखे असते: न जाताही अर्थ लागतो. माझ्या पंधरा तुकड्यांत वाचणाऱ्याला पंधराही वेळा जावे लागत होते.

त्या दिवाळीत मी मेढ्याला गेलो तेव्हा अण्णांचे काम थांबलेले होते. डोळे अधू झाले होते. मी त्यांना ही हकीकत सांगितली. संगणकाचे त्यांना काही कळत नसे, पण दंडव्याज, पुनर्गठन, देय तारीख हे त्यांच्या ओळखीचे शब्द. सगळे ऐकून त्यांनी विचारले, ‘तू हे कोणाला वाचून दाखवलेस?’ मी म्हणालो, ‘अण्णा, कोड कोणी वाचून दाखवत नसते.’ ‘मग ज्या बाईचे पैसे कापले तिला कळणार कसे?’ ‘तिने वाचायचा प्रश्नच येत नाही.’ ‘माझ्याकडे येणाऱ्या कितीजणींना वाचता येत होते?’ ते म्हणाले.

मग त्यांनी कपाटातून जुन्या कच्च्या मसुद्यांचा गठ्ठा काढायला लावला. त्यांत एका वाटपपत्राचा मसुदा होता: अकरा वारस, तीन गटांतली जमीन, काही विहिरीचा हिस्सा, एका आत्याचा राहण्याचा हक्क. पहिला मसुदा लांबलचक आणि खोडाखोडीने भरलेला. दुसऱ्यात त्यांनी तीन गोष्टी केल्या होत्या. ज्यांना वाटपात काही घ्यायचे नव्हते त्यांची नावे आणि हक्कसोड सुरुवातीलाच घेऊन त्यांना मोकळे केले होते. जमिनीचे वर्णन आणि चतुःसीमा एकदाच लिहून पुढे सर्वत्र ‘मिळकत अ’, ‘मिळकत ब’ असा निर्देश केला होता. आणि हिश्शांचा तपशील वाक्यातून काढून रकान्यांच्या तक्त्यात मांडला होता. ‘अकरा जण आहेत ते अकराच राहणार,’ अण्णा म्हणाले, ‘ते काही मी नऊ करू शकत नाही. पण ऐकणाऱ्याला एका वेळी एकच धरून ठेवायला लागावा.’

फ्रेड ब्रुक्स ह्यांनी १९८६ च्या ‘नो सिल्व्हर बुलेट’ ह्या निबंधात गुंतागुंतीचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक विषयातच असलेली, दुसरी आपण लिहिताना निर्माण केलेली. पहिली जात नाही. दुसरी काढता येते. अकरा वारस ही पहिली. त्यांना एका वाक्यात कोंबणे ही दुसरी. मी तो निबंध वाचलेला होता, पण त्यातला भेद कळला तो ह्या मसुद्यावरून.

पुण्याला परतल्यावर आम्ही दोघांनी ते फंक्शन पुन्हा लिहायला घेतले. आधी एक काळजी घेतली. जुन्या खात्यांचा हिशेब नव्या कोडमधून काढून जुन्याशी ताडून पाहायचा, आणि पहिल्या फेरीत उत्तर तंतोतंत जुळले पाहिजे; चुकीच्या खात्यांची चूकसुद्धा तशीच यायला हवी. आमच्या धंद्यात ह्याला रिफॅक्टरिंग म्हणतात: वागणूक न बदलता रचना सुधारणे. मराठीच्या विद्यार्थ्यांना ही शिस्त परकी वाटू नये. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. प्रती तपासून अपपाठ काढले, आणि त्या पाठात आपली ओवी घालणाऱ्याला कडक शब्दांत बजावूनही ठेवले. स्वतः समर्थ कवी असून दुसऱ्याच्या ग्रंथात आपली एक ओवी न मिसळणे, ह्याला मोठा संयम लागतो. आम्हांलाही मोह होत होता की वाटेत चूक दिसली आहे तर सुधारूनच टाकू. पण रचना आणि अर्थ एकाच वेळी बदलले की काय कशामुळे बदलले ते नंतर सांगता येत नाही. चूक आम्ही दुसऱ्या फेरीत, वेगळी नोंद करून दुरुस्त केली.

बाकी सारे अण्णांच्या मसुद्याप्रमाणे. ज्यांना दंडव्याज लागूच नाही ती कर्जे पहिल्या चार ओळींत बाहेर काढून मोकळी केली. पोटातल्या पातळ्या सातावरून दोनावर आल्या. ‘खरी देय तारीख’ काढण्याचे काम एकाच फंक्शनकडे दिले, आणि सुट्टीचा विचार फक्त तिथेच केला. मूळ चूक जिथे जन्मली ती जागाच नाहीशी झाली. सवलतींचे दर ‘जर-तर’मधून काढून तक्त्यात ठेवले. पंधरा तुकड्यांचे चार राहिले. मुख्य फंक्शनचा आकडा १२ आला, आणि टूलने तांबडी खूण केली. ती मुलगी आणखी एक तुकडा करू म्हणाली. आम्ही करून पाहिला. आकडा उतरला आणि वाचताना ठेच लागली, म्हणून पुन्हा जोडून टाकला. वर एक टीप लिहिली की हे फंक्शन मर्यादेपेक्षा मोठे का ठेवले आहे. त्या बाराचा मला त्या आधीच्या सहापेक्षा जास्त विश्वास वाटतो.

ह्याचा अर्थ माप निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. ४३ हा आकडा नसता तर त्या फंक्शनकडे कोणी इतक्या लवकर बोट दाखवले नसते. थर्मामीटर ताप सांगतो. तो बर्फात बुडवून ताप उतरवता येत नाही, इतकेच.

ज्यांचे पैसे कापले गेले होते त्यांना संस्थेने ते परत दिले. त्या बाईंना नेमके काय चुकले ते कोणी समजावून सांगितले की नाही, ते मला माहीत नाही. त्यांच्या कर्जाचा दस्त अण्णांसारख्याच कोणी तरी त्यांना वाचून दाखवला असेल, आणि तो समजून त्यांनी सही किंवा अंगठा केला असेल. पण त्या दस्ताचा रोजचा अर्थ ठरवत होता तो माझा कोड, आणि तो त्यांना कोणीही कधी वाचून दाखवणार नव्हता. ज्याचे वाचन त्यांच्या वाट्याला येऊच शकत नव्हते, ते त्यांच्या वतीने करण्याची जबाबदारी माझ्या मागून येणाऱ्या वाचकाची होती, आणि त्याला मी वाचताच येणार नाही असे लिहून ठेवले होते.

अण्णा आता नाहीत. आमच्याकडे नवा कोड तयार झाला की टूलचा आकडा आधी पाहतो. मग लिहिणाऱ्याने तो दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचा. पहिल्या दिवशी सगळे हसतात. ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली की तिथे मी पेन्सिलीने एक रेघ ओढून ठेवतो, आणि वाचणारा बहुतेक वेळा मी काही बोलायच्या आधीच ती ओळ खोडायला लागलेला असतो.